अग्निशामकांची वर्गणी आणि संघटनेची गंगाजळी

१८ मे २०२५ च्या पहाटे सोलापुरात अक्कलकोट रोडवरील औद्योगिक वसाहतीत एका टॉवेल कारखान्याला आग लागली. मालक, त्यांचे कुटुंबीय आणि कामगार अशा आठजणांचा तीत बळी गेला. त्यांत एक लहानगे मूलही होते. आग आटोक्यात यायला कित्येक तास लागले. अशी दुर्घटना घडली की कारखान्यांच्या सुरक्षिततेची, बंबांची, पाण्याची, रिकाम्या जागांची चर्चा सुरू होते, आणि ती व्हायलाच हवी. परंतु धुराने भरलेल्या त्या इमारतीत जी माणसे शिरतात त्यांच्या हाती स्वतःचे असे काय आहे, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. त्यांची संघटना किती मजबूत आहे, त्या संघटनेच्या पेटीत किती पैसे आहेत आणि ते कशासाठी राखून ठेवले आहेत, हे प्रश्न तर क्षुल्लकच मानले जातात. आमच्या मते ते क्षुल्लक नाहीत. म्हणून आज आम्ही एका लहान संघटनेच्या जमाखर्चावर लिहीत आहोत.

सोलापूरसारख्या शहरात अग्निशामक दलाची माणसे मोजकी असतात. महापालिकेच्या हजारो कर्मचाऱ्यांच्या मोठ्या संघटनेत त्यांचा आवाज सफाई, पाणीपुरवठा, दवाखाना यांच्या गर्दीत लोपतो. वेगळी संघटना काढावी तर ती लहानच राहते. अशा संघटनेचे गणित मांडून पाहू. समजा, एकशेवीस सभासद आहेत आणि प्रत्येकी महिना पन्नास रुपये वर्गणी आहे. वर्षाची जमा झाली बहात्तर हजार रुपये. आता समजा, अपुऱ्या साधनांबद्दल तोंड उघडले म्हणून दोघांना निलंबित केले. निलंबनकाळात निर्वाहभत्ता मिळायचा असतो, परंतु तो पुरेसा असतो आणि वेळेवर हाती पडतो असे अनुभवाने तरी म्हणवत नाही. संघटनेने या दोघांच्या घरी महिना पाच पाच हजार रुपये पोचवायचे ठरवले, तर वर्षाला एक लाख वीस हजार रुपये लागतील. सगळी वर्गणी खर्ची पडून वर अठ्ठेचाळीस हजारांची तूट राहील, आणि वकिलाची फी अजून दिलेलीच नाही.

हे आकडे आम्ही उदाहरणादाखल घेतले आहेत. परंतु राज्यातील कोणत्याही लहान संघटनेच्या खजिनदाराला त्यांतले दुखणे ओळखू येईल. दोन माणसांवरचा अन्याय वर्षभर पेलण्याची ऐपत ज्या संघटनेत नाही, तिच्याशी प्रशासन कसे वागते, हे कार्यकर्त्यांना सांगायला नको. प्रशासनाला संघटनेचा ताळेबंद पाहावा लागत नाही. तारखांवर तारखा पडू दिल्या की पेटी रिकामी होते, हे त्याला पुरते ठाऊक असते.

येथे एक आक्षेप नेहमी घेतला जातो. गंगाजळी लागते ती संपासाठी. अग्निशामक तर संप करू शकत नाहीत. मग त्यांच्या संघटनेला शिलकीचे काय काम? या आक्षेपाचा पहिला भाग अर्धवट खरा आहे. अत्यावश्यक सेवांसाठी राज्य सरकारच्या हाती मेस्मा आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहितेने पूर्वसूचनेची आणि तडजोडीच्या काळातील बंदीची कुंपणे इतकी उंच केली आहेत की कायदेशीर संप हीच दुर्मीळ गोष्ट व्हावी. बेकायदेशीर ठरलेल्या संपाला पैसा पुरवणे हा १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यातही गुन्हा होता, संहितेतही आहे. म्हणजे संपाची सजा खजिनदाराच्याही दारापर्यंत येऊ शकते. कायद्यापलीकडे आणखी एक गोष्ट आहे. शेजारच्या वस्तीत घर पेटले असताना हात बांधून उभे राहणे हे या माणसांच्या स्वभावातच नसते. ब्रिटनमधील अग्निशामकांनी १४ नोव्हेंबर १९७७ पासून नऊ आठवडे देशव्यापी संप केला, सरकारने लष्कर आणून जुने बंब रस्त्यावर काढले. परंतु ती साऱ्या देशाची एक संघटना होती. एका शहरातल्या शेसव्वाशे माणसांना तो मार्ग जवळजवळ बंदच आहे.

आक्षेपाचा दुसरा भाग मात्र साफ चुकीचा आहे. ज्याच्या हातून संपाचे हत्यार काढून घेतले आहे, त्याला गंगाजळी इतरांपेक्षा अधिक लागते. गिरणी कामगाराचा लढा काही आठवड्यांत वा महिन्यांत निकालात निघू शकतो. अग्निशामकाचा लढा चौकशी अधिकाऱ्यापुढे, कामगार न्यायालयात, औद्योगिक न्यायालयात आणि त्याच्याही वर वर्षानुवर्षे चालतो. तेथे घोषणेपेक्षा टिकून राहणे महत्त्वाचे असते, आणि टिकून राहायला पैसा लागतो.

नागपूरचे उदाहरण या बाबतीत आपल्या घरचेच आहे. नागपूर महापालिका आणि तिचे कर्मचारी यांच्यातला वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि १९६० साली न्यायालयाने महापालिकेचे एकेक खाते तपासून त्यांतले कोणते ‘उद्योग’ ठरते याचा निवाडा दिला. त्या यादीत अग्निशामक खातेही होते, आणि ते उद्योगच आहे असे न्यायालयाने म्हटले. बंबावरच्या माणसाला औद्योगिक कायद्याचे संरक्षण मिळण्याचा आधार असा तयार झाला. पोलिसांच्या संघटनास्वातंत्र्यावर १९६६ च्या कायद्याने बंधने आली. अग्निशामक मात्र महापालिकेचा कामगार म्हणून संघटना बांधू शकला. हा निवाडा कोणा उदार प्रशासकाने दान दिलेला नाही. मागे न हटता शेवटच्या न्यायालयापर्यंत जाण्याची चिकाटी कर्मचाऱ्यांनी दाखवली, तिचे ते फळ आहे. मधल्याच एखाद्या पायरीवर पैसे संपले म्हणून माघार घ्यावी लागली असती, तर पुढच्या पिढ्यांना या निवाड्याचा आधार मिळालाच नसता.

संघटनेच्या निधीला कायद्याचे कवच मिळाले तेही असेच भांडून. ब्रिटनमध्ये टॅफ व्हेल रेल्वे कंपनीने रेल्वे कामगारांच्या संघटनेवर संपातल्या नुकसानीबद्दल दावा लावला; १९०१ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने संघटनेच्या निधीतून भरपाई वसूल करता येते असा निकाल दिला, आणि तेवीस हजार पौंडांची भरपाई व वर दाव्याचा खर्च संघटनेच्या माथी बसला. वर्षानुवर्षे साठलेली वर्गणी मालकाच्या तिजोरीत गेली. त्या धक्क्यातून ब्रिटिश मजूर चळवळ राजकारणात उतरली आणि १९०६ साली तिने कायदा बदलून घेतला. आपल्याकडे मद्रासमध्ये बिन्नी कंपनीच्या गिरणीतील तंट्यावरून उच्च न्यायालयाने बी. पी. वाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांविरुद्ध मनाईहुकूम काढला. संघटना बांधणे हाच कट ठरू शकतो हे त्या वेळी स्पष्ट झाले. ना. म. जोशी यांनी १९२१ साली मध्यवर्ती विधिमंडळात कामगार संघटनांच्या नोंदणीचा व संरक्षणाचा ठराव आणला, आणि त्यातून १९२६ चा कायदा झाला.

तो कायदा आता संहितेत विलीन झाला आहे. तरीही त्याने घालून दिलेली शिस्त प्रत्येक संघटनेने भिंतीवर लावून ठेवावी अशी आहे. सर्वसाधारण निधी कशावर खर्च करता येईल याची यादी त्यात होती: कार्यालयाचा खर्च, कोर्टकचेरी, औद्योगिक तंटा, तंट्यामुळे सभासदाचे झालेले नुकसान, मृत्यू, आजार, अपघात, वार्धक्य वा बेकारी आल्यास सभासदाला किंवा त्याच्या कुटुंबाला साहाय्य, शिक्षण, नियतकालिक. निधी सुरक्षित ठेवण्याची आणि दरसाल हिशेबतपासणीची तरतूद नियमांत असलीच पाहिजे असे बंधन होते. हिशेबाच्या वह्या पाहण्याचा हक्क प्रत्येक सभासदाला होता. राजकीय कामासाठी वेगळा निधी काढावा लागे, तो ऐच्छिक असे, आणि त्यात पैसे न देणाऱ्याला संघटनेच्या लाभांपासून दूर ठेवता येत नसे. नव्या संहितेने कामगारांचे पुष्कळ काही हिरावून घेतले आहे. परंतु हिशेबतपासणीचे आणि वेगळ्या राजकीय निधीचे तत्त्व तिलाही ठेवावे लागले आहे.

वर्गणीच्या बाबतीत मात्र आपण स्वतःच स्वतःला स्वस्त करून ठेवले. १९२६ च्या कायद्यात पुढे घातलेली किमान वर्गणी कित्येक वर्षे महिना पंचवीस पैसे होती. १९६९ साली राष्ट्रीय श्रम आयोगाने ती महिना एक रुपया करावी अशी शिफारस केली. तो रुपया कायद्यात यायला २००१ साल उजाडले: संघटित क्षेत्रासाठी वर्षाला बारा रुपये. हा कायद्याचा किमान आकडा होता. पण कित्येक संघटनांनी किमान म्हणजेच पुरेसा असे मानले. वर्गणी वाढवली तर सभासद दुसऱ्या झेंड्याखाली जातील ही भीती त्यामागे होती. मग तूट भरून निघे ती पगारवाढीचा करार झाला की फरकाच्या रकमेतून होणाऱ्या एकरकमी वसुलीने, किंवा एखाद्या ‘हितचिंतका’च्या देणगीने. करार झाला तर पैसा, नाही झाला तर नाही, अशी स्थिती एकदा आली की खजिना भरण्यासाठी करार करण्याचा मोह दूर राहत नाही. देणगीचे तर विचारूच नये. ज्या कंत्राटदाराच्या निकृष्ट साहित्याविरुद्ध उद्या तक्रार करायची आहे, त्याच्याकडून संघटनेच्या अधिवेशनाचा मंडप घेता येत नाही.

अहमदाबादच्या १९१८ च्या गिरणी संपात गांधीजींनी संपकऱ्यांना बाहेरच्या देणग्यांवर जगू देण्यास नकार दिला आणि दुसरे श्रम करून पोट भरण्यास सांगितले. त्या वेळी तो आग्रह अनेकांना कठोर वाटला असेल. परंतु लढ्याचा खर्च लढणाऱ्यांनीच उचलावा या विचारात तथ्य होते. दुसरी बाजू आपण १८ जानेवारी १९८२ पासून मुंबईत पाहिली. सुमारे अडीच लाख गिरणी कामगार डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली बाहेर पडले. त्यांच्या निर्धारात कोठे उणे नव्हते. परंतु वर्ष-दीड वर्ष घर चालवील अशी गंगाजळी कोणाजवळच नव्हती. गावाकडची शेती, उसनवार आणि बायकोच्या गळ्यातले चार मणी यांवर तो लढा चालला. त्या कामगारांच्या हौतात्म्याला नमस्कार करताना हा धडा विसरणे म्हणजे त्यांचा अपमान आहे. सोलापूरला तो वेगळा शिकवावा लागू नये. जुनी मिल, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी या गिरण्यांचे भोंगे ज्यांनी थांबताना ऐकले, त्या घरांना हाती शिल्लक नसताना न्यायाची वाट पाहणे म्हणजे काय, हे ठाऊक आहे.

पैसा जमला की तो ठेवायचा कोठे, हा प्रश्न उरतोच, आणि येथे आपल्या चळवळीने डोळसपणा दाखवला पाहिजे. मुंबईत १९६८ साली जॉर्ज फर्नांडिस यांच्या पुढाकाराने कामगारांसाठी बॉम्बे लेबर को-ऑपरेटिव्ह बँक निघाली. सावकाराच्या दारात जाणाऱ्या श्रमिकाची स्वतःची बँक, हा हेतू उदात्त होता. पुढे तीच न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँक झाली. १३ फेब्रुवारी २०२५ रोजी रिझर्व्ह बँकेने तिच्यावर निर्बंध घातले, ठेवी काढण्यास मनाई केली. एकशेबावीस कोटींच्या अपहाराचा गुन्हा नोंदला गेला, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये ती सारस्वत बँकेत विलीन झाली. सोलापुरात तर लक्ष्मी को-ऑपरेटिव्ह बँकेचा परवाना सप्टेंबर २०२२ मध्येच रद्द झाला होता. ठेवविम्यामुळे एका ठेवीदाराला एका बँकेत पाच लाखांपर्यंत रक्कम परत मिळते, हे खरे. परंतु ती मिळेपर्यंत निलंबित सभासदाच्या घरचा किराणा थांबत नाही.

सहकाराची निंदा करण्याचा आमचा हेतू नाही. सहकार ही आपलीच चळवळ आहे, म्हणून तर हे बोलण्याचा आपल्याला हक्क आहे. संस्थापकाच्या पुण्याईवर बँक चालत नाही, आणि संचालक ओळखीचे आहेत म्हणून ठेव सुरक्षित होत नाही. संघटनेचा पैसा ही उधार देऊन मैत्री राखण्याची वस्तू नव्हे. तो राष्ट्रीयीकृत बँकेत, संघटनेच्याच नावावर, दोन सह्यांशिवाय निघणार नाही अशा रीतीने असावा. मुदतठेवींच्या पावत्या सर्वसाधारण सभेत सभासदांपुढे ठेवाव्यात. चार टक्के व्याज अधिक मिळते म्हणून कोणी दुसरी वाट सुचवली, तर त्याला नम्रपणे पण ठामपणे नाही म्हणावे.

मग गंगाजळी असावी तरी किती? फार मोठ्या शिलकीचाही एक धोका आहे. ठेव वाढत गेली की पदाधिकारी लढ्यापेक्षा ठेवीची काळजी वाहू लागतात. इमारत बांधायची, गाडी घ्यायची, व्याजावर कार्यालय चालवायचे. मग वर्गणी गोळा करण्यासाठी सभासदाच्या दारात जाण्याची गरजच उरत नाही, आणि वर्गणीबरोबर सभासदाशी महिन्याकाठी होणारे बोलणेही संपते. अशी संघटना श्रीमंत असूनही पोकळ असते. आम्हांला व्यवहार्य वाटते ते असे: वर्षभराच्या नेहमीच्या खर्चाइतकी रक्कम हात न लावता राखावी, शिवाय निलंबन, अपघात व कोर्टकचेरी यांसाठी एक वेगळा साहाय्यनिधी असावा, त्याचे नियम आधीच लिहून ठेवावेत, म्हणजे कोणाला किती द्यायचे हे अध्यक्षांच्या मर्जीवर राहणार नाही. वरच्याच उदाहरणात वर्गणी पन्नासाऐवजी शंभर रुपये केली, तर वर्षाला एक लाख चव्वेचाळीस हजार जमतील. त्यांतला तिसरा हिस्सा, म्हणजे अठ्ठेचाळीस हजार, दरसाल बाजूला काढला तर पाच वर्षांत दोन लाख चाळीस हजार होतात. दोन निलंबित सहकाऱ्यांची घरे दोन वर्षे चालतील इतकी ही रक्कम आहे. प्रशासनाला ज्या दिवशी हे कळेल, त्या दिवसापासून निलंबनाचा कागद काढताना त्याचा हात थोडा अडखळेल.

कंत्राटी अग्निशामकाचा विचार यात आवर्जून झाला पाहिजे. एकाच बंबावर, एकाच धुरात काम करणारा हा सहकारी कमी पगारावर आणि उद्याच्या खात्रीशिवाय राबतो. त्याची वर्गणी कमी ठेवावी, पण साहाय्याचा हक्क पूर्ण द्यावा. कायम सभासदांना हे खुपेल. त्यांना समजावणे हेच तर संघटनेचे राजकीय शिक्षण आहे.

शेवटी आमच्याच घरातली एक गोष्ट. आपल्या विचारांच्या अनेक संघटना आहेत, आणि त्यांच्या कार्यालयांत पक्षाच्या बैठका होतात याचा आम्हांला अभिमान आहे. परंतु निवडणूक आली, मोर्चा निघाला, पुढाऱ्यांचा दौरा ठरला की संघटनेच्या खजिनदाराकडे एखादी चिठ्ठी पाठवण्याची सवय आपल्यापैकी काहींना लागली आहे. रक्कम लहान असते, हेतू चांगला असतो, परत करण्याचे आश्वासनही असते. तरीही ते चूक आहे. कायद्याने राजकीय निधी वेगळा ठेवला तो मालकांच्या सोयीसाठी नव्हे. ज्या सभासदाचे मत आपल्या पक्षाला नाही, त्याचाही विश्वास संघटनेवर राहावा म्हणून ठेवला. अग्निशामकांच्या संघटनेत वेगवेगळ्या पक्षांना मत देणारी माणसे एकाच शिडीवर चढतात. त्यांच्या वर्गणीचा रुपया गुपचूप पक्षाकडे वळवला, तर आपण एका निवडणुकीचा भोंगा मिळवू आणि एक संघटना गमावू. पक्षाला पैसा हवा असेल तर त्याने उघडपणे, वेगळ्या पावतीपुस्तकावर, ज्याला द्यायचा त्याच्याकडून मागावा. समाजवाद्यांनी सरकारच्या तिजोरीवर लोकांची देखरेख मागायची आणि संघटनेच्या पेटीला मात्र कुलूप लावायचे, हे शोभत नाही.

दरसाल १४ एप्रिलला अग्निशमन सेवा दिन पाळला जातो. १९४४ साली त्या दिवशी मुंबईच्या गोदीत फोर्ट स्टिकीन जहाजाचा स्फोट झाला आणि अग्निशामक दलाचे सहासष्ट जवान कामी आले. त्यांच्या स्मृतीला मानवंदना दिली जाते, पुष्पचक्रे वाहिली जातात. ९ मे २०१५ रोजी मुंबईतल्या काळबादेवीच्या आगीत चार अधिकाऱ्यांनी प्राण गमावले, तेव्हाही ती वाहिली गेली. पुष्पचक्र वाहणाऱ्यांबद्दल आम्हांला आदर आहे. परंतु पुष्पचक्र दुसऱ्या दिवशी सुकते, आणि त्यानंतर त्या घरात कोण जाते हे महत्त्वाचे ठरते. निवृत्तिवेतनाच्या कागदासाठी, अनुकंपा नोकरीसाठी, नुकसानभरपाईच्या अर्जासाठी त्या माउलीबरोबर कचेरीच्या पायऱ्या चढणारा माणूस संघटनेचा असावा, आणि त्याच्या रिक्षाचे भाडे संघटनेच्या पेटीतून निघावे.

सोलापूरच्या मातीला संघटनेचे हे शास्त्र नवे नाही. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फासावर गेलेल्या चार हुतात्म्यांपैकी कुर्बान हुसेन हे कामगारांतले कार्यकर्ते होते. याच शहराच्या विडी कामगार महिलांनी वर्षानुवर्षे पाठपुरावा करून कुंभारीत स्वतःच्या घरांची वसाहत उभी केली. दिवसाकाठी विड्या वळून पोट भरणाऱ्या त्या भगिनींना जे साधले, ते बंबावरच्या जवानांना साधणार नाही असे मानण्याचे कारण नाही.

म्हणून कार्यकर्त्यांना आमची विनंती साधी आहे. आपल्या भागातील अग्निशामक केंद्रात जा. त्यांच्या संघटनेचा जमाखर्च गेल्या वर्षी सभेपुढे आला होता का, हे विचारा. आला नसेल तर तो मांडायला मदत करा. वर्गणीचा दर वाढवण्याचा ठराव मांडायला धीर द्या. वहीतली बेरीज चुकत असेल तर बसून जुळवून द्या. त्यात भाषण करण्याची संधी नाही, वर्तमानपत्रात नाव येण्याचीही नाही. पण पुढची आग लागेल तेव्हा आत शिरणाऱ्या माणसाला आपल्यामागे कोणीतरी उभे आहे हे ठाऊक असेल, आणि तो विश्वास या कंटाळवाण्या हिशेबातूनच येणार आहे.